तिसरा स्टड

निनावेकाका खुर्चीवर, मी जमिनीवर,
मध्ये प्रीमियरची जुनी वन वन एट,
बॉनेट उघडं. मे महिना.
त्रिमूर्तीनगरच्या पार्किंगमध्ये सकाळी आठलाच
पाना हातात धरवत नाही.

काकांचे हात आता थरथरतात.
चाळीस वर्षं गड्डीगोदामात इंजिनं उतरवली त्यांनी,
हल्ली चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात.
माझे हात स्थिर आहेत, पण त्यांना काही येत नाही.
म्हणून ही भागीदारी.

आजार साधाच:
पहाटे गाडी सुरू केली की टिकटिक,
बॉनेटखाली कुणी शिलाई मशीन चालवत असल्यासारखी,
आणि वाडी नाक्याशी पोचेपर्यंत गप्प.
"गरम झालं का बीड फुगते, भेग बुजते.
म्हून कोनाले सापडत नाही.
थंड असतानाच पाहा लागते," काका म्हणाले.

कार्बोरेटर उचलून वर्तमानपत्रावर ठेवला,
त्याच्या जागी फडकं कोंबलं.
डाउनपाइपच्या फ्लँजला तीन स्टड.
चार दिवस रोज संध्याकाळी
मी त्यांना डिझेल पाजत होते,
वर जाता-येता थोडी विचारपूसही.

पहिला सुटला.
दुसरा कुरकुरला, सुटला.
तिसऱ्यानं आधी होकार दिला
आणि पाना एकदम हलका झाला.
हे हलकं होणं माझ्या ओळखीचं आहे.
फोनवर पलीकडचा माणूस
"बरं, ठीक आहे" म्हणतो, तेव्हाचं.

काकांनी टोपी काढली, परत घातली.
"तुटला ना? तुटू दे. तो तुटाचाच होता.
लोखंडाशी भांडू नोको, बाई.
त्याले तपव, मंग इचार."

फ्रिजवाल्या उकेंचा टॉर्च आणला.
थुटका लालबुंद झाला तेव्हा
काकांनी खिशातून मेणबत्ती काढली,
लोडशेडिंगच्या काळातली, अर्धी, मधेच वाकलेली.
"टेकव."
मेण तडतडलं, पाणी झालं,
आणि जिथं चार दिवसांचं डिझेल शिरलं नव्हतं
त्या आट्यांमधून मुकाट आत गेलं.
ग्रिप लावली.
तीस वर्षांचा गंज पाव फेरा फिरला,
झोपेत कूस बदलावी तसा.
मी ओरडलेच. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, मिटली.

निघालेला मॅनिफोल्ड उन्हात धरला:
दुसऱ्या-तिसऱ्या तोंडाच्या मध्ये केसभर चीर,
तिच्याभोवती काजळी,
टीपकागदावर शाई पसरावी तशी.
एवढ्याशा फटीतून
माझी प्रत्येक सकाळ फुकट जात होती.

बदलीचा मंगळवारी बाजारातला,
दुसऱ्या कुठल्या मेलेल्या वन वन एटचा,
आतून त्याही घरची काजळी.
पाइप मात्र नवा, मोटर स्टँडजवळ वाकवून घेतलेला.
गॅस्केट कोरडं बसवलं.
"मधून बाहेर," काका म्हणाले, "मधून बाहेर.
कडेपासून आवळशील त मधी हवा राहते.
आन् पितळी नट घे. उद्या तुलेच खोलायचा हाय."
उद्या म्हणजे अजून तीस वर्षांनी,
पण काका उद्या म्हणाले.

चावी फिरवली. धूर.
माझ्या बोटांचे ठसे, डिझेल, मेण
सगळं मिळून जळत वर आलं.
काकांनी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं,
दुसरं थरथरत मॅनिफोल्डभोवती फिरवलं.
डावा कान केव्हाच गेलेला,
उजवा बराचसा आठवणीवर चालतो.
"सकाळी थंड्या इंजिनावर सांगजो," म्हणाले,
आणि उरलेली मेणबत्ती खिशात ठेवून घरी गेले.

पहाटे साडेपाच.
कुणीतरी अंगणात सडा घालतंय.
मी काकांना फोन लावला, गाडी सुरू केली,
फोन बॉनेटखाली धरला.
एक मिनिट. दोन.
मग पलीकडून, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात,
जिंकल्यासारखे काका ओरडले,
"पाह्य बाई!
काहीच ऐकू येऊन नाही राहिलं!"